पावसाळ्यानंतर स्ट्रॅट गिटारच्या फ्रेटबोर्डवर बुरशी, बॉडी चिकट झालीय, कशाने साफ करू?

पावसाळी_स्ट्रॅट:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. माझ्याकडे स्क्वायरची अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट आहे, इलेक्ट्रिक गिटार, सनबर्स्ट रंगाची, लॉरेल लाकडाचा फ्रेटबोर्ड (तारांखालची बोटं दाबायची पट्टी). जूनमध्ये चिपळूणला मामाकडे ठेवली होती आणि अख्खा पावसाळा ती गिगबॅगमध्येच कपाटावर राहिली. गणपतीला गेले तेव्हा डोंबिवलीला घेऊन आले, बॅग उघडली तर आधी तो कोंदट वास आणि मग बघते तर पहिल्या पाच-सहा फ्रेटच्या (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कांड्या) मध्ये पांढरट बुरशी. कोरड्या कपड्याने पुसली की जाते पण दोन दिवसांनी परत दिसते. त्याच्या खाली फ्रेटच्या कडेला काळा मळ आहे तो वेगळाच, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. बॉडीवर उजवा हात टेकतो तिथे चिकट लागतंय, फ्रेट हिरवट पडलेत आणि ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे, ते छोटे स्क्रू तांबूस दिसतायत.

आता सल्ले असे आलेत की आजी म्हणते खोबरेल तेल लाव लाकडाला काही होत नाही, शेजारचे काका म्हणतात कारचं पॉलिश मार, आणि कॉलेजातला एक जण म्हणतो लिंबू चोळ कारण सगळ्या व्हिडिओत लेमन ऑइल लेमन ऑइल चालू असतं. मला काहीही लावायच्या आधी नीट समजून घ्यायचंय. गिटार महागडी नाही पण माझी पहिली आहे आणि ती मला बरीच वर्षं वाजवायचीय. काय, कशाने आणि कुठल्या क्रमाने करू ते सांगाल का?

सहावी_तार:

ताई, लिंबू अजिबात नको. रसात आम्ल असतं, फ्रेटच्या धातूलाही वाईट आणि उघड्या लाकडालाही. गिटारसाठी बाटलीत मिळणारं लेमन ऑइल म्हणजे बहुतेक वेळा मिनरल ऑइल, त्यात लिंबाचा वास घातलेला. लिंबाचा आणि त्याचा संबंध तेवढाच.

दुसरं म्हणजे साफ करणं आणि तेल लावणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोक इथेच घोळ घालतात, मळावरच तेल लावतात, मग तो मळ मऊ होऊन चमकतो आणि वाटतं बोर्ड छान झाला, आठवड्याने परत तेच. आधी मळ निघाला पाहिजे, बोर्ड कोरडा झाला पाहिजे, मग तेल आणि तेही नावाला.

तुमच्या केसमध्ये आधी बुरशीचा बंदोबस्त. गिटार गॅलरीत न्या, नाकातोंडाला मास्क लावा आणि कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा, घरात झाडू नका कारण ती उडून पुस्तकं-कपडे सगळीकडे बसते. गिगबॅग पूर्ण उघडून आतल्या खिशांसकट कडक उन्हात टाका, दोन-चार दिवस लागोपाठ, बुरशी बॅगेत बसली असेल तर गिटार कितीही पुसा ती परत येणारच, तुम्हाला दोन दिवसांनी परत दिसतेय त्याचं कारण बहुतेक तेच. पण गिटार स्वतः उन्हात ठेवायची नाही हं, ऑक्टोबरच्या उन्हात फिनिश म्हणजे वरचा रंगाचा थर आणि चिकटवलेले सांधे दोन्ही तापतात. तिला खोलीतच पंख्याखाली ठेवा.

तारा काढून टाका, तशाही गंजल्या असणार. सगळ्या तारा एकदम काढल्या तर नेक (गिटारची लांब मान) वाकते असं खूप लोक सांगतात, साफसफाईच्या एक-दोन तासात तसं काही होत नाही, फक्त आधी सगळ्या सैल करा आणि मग कापा, ताणलेली तार कापली तर तोंडावर येते. तुमचा ब्रिज साधा स्ट्रॅटचा आहे त्यामुळे चिंता नाही, फ्लॉइड रोझ म्हणजे तरंगता ब्रिज असणाऱ्यांनी मात्र ब्रिजखाली लाकडाचा तुकडा किंवा घडी घातलेलं कापड सरकवून ठेवावं नाहीतर स्प्रिंगा त्याला आत ओढून घेतात. आणि लेस पॉल प्रकारच्या गिटारवर तारा काढल्या की ब्रिज आणि टेलपीस हातात सुटून येतात, खाली पडून बॉडीला पोचा पडतो, ते आधी काढून बाजूला ठेवायचे.

मग बोर्ड. जिथे बुरशी होती तिथे मेडिकलमधलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून एकदा पुसा, ओलं गच्च नाही, कापड हाताला गार लागेल एवढंच. हे फक्त उघड्या लाकडावर आणि एकदाच, कारण अल्कोहोल लाकूड कोरडं करतं. तो काळा मेणचट थर तेलकट असतो, तो पाण्याने हलत नाही, त्याला नॅफ्था लागतं म्हणजे सिगरेट लायटरमध्ये भरायचं लायटर फ्लुइड, पानाच्या मोठ्या टपरीवर किंवा ऑनलाइन मिळतं. जुन्या टूथब्रशवर चार थेंब घ्या आणि फ्रेटच्या कडेकडेने घासा, निघालेला काळा चिखल लगेच कापडाने टिपा. फारच जाड थर असेल तर जुनं प्लॅस्टिकचं कार्ड आडवं धरून खरवडा, ब्लेड नको. नॅफ्था पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरात समई किंवा उदबत्ती चालू नको. वापरलेली चिंधी बाहेर पसरून वाळू द्या आणि मगच फेका.

फ्रेटचा हिरवटपणा म्हणजे तांब्याचा गंज. नेहमीची फ्रेटवायर निकेल सिल्व्हरची असते, नावात सिल्व्हर आहे पण चांदी नसते, तांबं, जस्त आणि साधारण १८ टक्के निकेल. घाम आणि दमट हवा मिळाली की तिला हिरवं चढतं. ते घालवायला बरेच जण ०००० नंबरची स्टील वूल सांगतात, काम करते, पण तिचे बारीक कण पिकअपच्या (तारांखालचा आवाज पकडणारा भाग) चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मग काही केल्या निघत नाहीत, म्हणून वापरलीच तर तिन्ही पिकअपवर मास्किंग टेप आधी लावा, एक फटही सोडू नका. मी स्वतः ती वापरत नाही, फ्रेट घासायचा खोडरबर मिळतो तो वापरतो. दोन्ही बाजूंच्या लाकडावर टेप लावायची, मधला फ्रेट तेवढा उघडा ठेवायचा, लांबीच्या दिशेने घासायचं. एकवीस फ्रेट आहेत, वेळ लागतो, पण नंतर बेंड मारताना म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना ती अशी सरकते की तेवढ्यासाठी हे काम करावंच.

लेगस्पिन:

चांगला धागा. मला एक विचारायचंय, घरात क्रिकेट बॅटला लावायचं जवसाचं तेल पडलंय, बॅट लाकडाची आणि फ्रेटबोर्डही लाकडाचा, ते चालेल ना? आणि खोबरेल तेलाला नेमका काय प्रॉब्लेम आहे, आमच्याकडे जुन्या पाटाला, पोळपाटाला वर्षानुवर्षं तेच लावतात.

लाकूडकाम_नाशिक:

मी फर्निचरच्या धंद्यात आहे आणि गिटारचं सेटअपचं काम पण करतो म्हणून लिहितो.

जवसाचं तेल सुकणारं तेल आहे, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होत जातं, बॅटला तेच हवं असतं. पण कच्चं जवस सुकायला आठवडे लागतात, फ्रेटबोर्डवर जास्त झालं की तोवर चिकट राहतं आणि त्यावर धूळ-घाम बसून नवाच थर तयार होतो. काही लुथियर म्हणजे गिटार बनवणारे कारागीर नवीन बोर्डला ते विचारपूर्वक लावतात, अगदी पातळ लावून लगेच पुसून घेतात, पण घरी दर महिन्याला लावायची ती गोष्ट नाही. आणि एक महत्त्वाचं, जवस तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना त्यातून उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. बॅटवाल्यांनीसुद्धा लक्षात ठेवा, चिंधी दोरीवर पसरून वाळवायची.

खोबरेल तेल न सुकणारं आहे. ते लावलं म्हणून बोर्ड लगेच खराब होत नाही, आजीचं अगदीच चूक नाहीये. पण ते खाद्य चरबी आहे, महिन्यांनी खवट होतं, वास धरतं, आणि २४ डिग्रीच्या आसपास गोठतं. आमच्या नाशिकला थंडीत बाटली पालथी केली तरी तेल पडत नाही, तेच लाकडाच्या रंध्रात आणि फ्रेटच्या खाचेत होणार. पोळपाट आपण रोज घासून धुतो, फ्रेटबोर्ड धुवत नाही, हा फरक आहे. शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह ही तेलंही अशीच खवट होतात.

स्वस्तात करायचं असेल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन घ्या, साधं, रंग-वास नसलेलं. तेच मिनरल ऑइल. पोट साफ व्हायचं औषध म्हणून मिळतं तेव्हा नीट बघून घ्या, मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिसळलेलं पांढरं दुधाळ औषध देतील ते नको, पाण्यासारखं पारदर्शक हवं. खवट होत नाही, गोठत नाही. कापडाला पाच-सहा थेंब, अख्ख्या बोर्डवर फिरवा, दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या कापडाने असं पुसा की बोट फिरवलं तर बोटाला काही लागणार नाही. लागलं तर अजून पुसा. तेल बोर्डवर साचवून रात्रभर ठेवणारे लोक आहेत, जास्तीचं तेल फ्रेटच्या खाचेत शिरतं, त्याने फायदा काही नाही.

आणि पावसाळी_स्ट्रॅट ताई, तुमच्या बोर्डचं लाकूड चिपळूणच्या रानातलंच आहे बरं का. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, सह्याद्रीत जागोजागी दिसतो. २०१७ च्या जानेवारीत शिसवाच्या सगळ्या जाती साइट्स करारात (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आल्या, शिसव असलेल्या गिटारला निर्यातीची कागदपत्रं लागायला लागली तेव्हा कंपन्यांनी स्वस्त गिटारवर लॉरेल आणि पाउ फेरो वापरायला घेतलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली पण लॉरेल राहिलंच. शिसवापेक्षा त्याची रंध्रं मोठी आणि उघडी वाटतात, नवीन असताना करडं कोरडं दिसतं, म्हणून साफ झाल्यावर थोडं मिनरल ऑइल त्याला चांगलं मानवतं, रंग खुलतो. वर्षातून दोनदा पुरे, तारा बदलताना प्रत्येक वेळी नको.

हे सगळं शिसव, एबनी, लॉरेल, पाउ फेरो असल्या उघड्या लाकडाला. मेपलचा बोर्ड असेल त्यांनी तेल लावू नये, त्यावर बहुतेक लॅकरचा पारदर्शक थर असतो, तेल आत जातच नाही, वर नुसतं घसरतं. त्याला ओलसर कापड बस.

लेस_पॉल_ठाणे:

बॉडीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तिथे चूक झाली तर परत फिरता येत नाही. आधी फिनिश कुठलं ते बघा. तुमच्या स्क्वायरवर पॉली (पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर) आहे, तसंच एपिफोन, आयबनेझ, यामाहा बहुतेक सगळ्यांवर. ते कडक, जाड, घरगुती गोष्टींना फारसं बधत नाही. गिब्सनच्या यूएसए गिटारवर नायट्रो सेल्युलोज लॅकर असतं आणि जुन्या फेंडरवरही, फेंडर साठच्या दशकाच्या शेवटी पॉलीकडे गेलं. नायट्रोला थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर लागला की ते विरघळतंच, अल्कोहोलनेही ढगाळ होऊ शकतं. सेकंडहँड घेतलेली असेल आणि कळत नसेल तर कंट्रोल कॅव्हिटीच्या (नॉबच्या वायरींची पोकळी) आत जिथे फिनिशचा फवारा उडून बसलेला असतो तिथे इअरबडने अ‍ॅसिटोनचा एकच टिपका लावून बघायचा, मऊ-चिकट झालं तर नायट्रो, काहीच झालं नाही तर पॉली. दिसणाऱ्या जागी हे कधीच करू नका.

आमच्या बँडमधल्या एकाच्या गिटारला स्वस्त स्टँडच्या रबराने नेकच्या मागे कायमचा ठसा उठलाय. रबर आणि पीव्हीसीमधलं प्लॅस्टिसायझर नायट्रोत मुरतं आणि ते मऊ पडतं, त्याने इतकी जपून वाजवलेली गिटार आणि नुकसान झालं ती नुसती उभी असताना. नायट्रोवाल्यांनी स्टँडला जुना सुती पंचा गुंडाळावा. केसमध्ये डांबरगोळ्याही टाकू नका, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक आणि लॅकर दोन्ही मऊ पडायची भीती असते.

आता तुमची चिकट जागा. घाम म्हणजे मीठ आणि पाणी, त्याला पाणीच लागतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड त्यात बुडवून घट्ट पिळायचं, अगदी पाणी ठिबकायला नको इतकं, आणि पुसायचं, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने, मग कोरड्याने. पिकअप आणि स्विचच्या फटीत पाणी जाऊ द्यायचं नाही. एवढ्याने गेलं नाही तर वर तेलकट थर आहे, त्याला नॅफ्था चालेल, पॉली आणि नायट्रो दोन्हीला चालतं. छोट्या डागासाठी मी तोंडाची वाफ सोडतो, काच पुसताना करतो तसं हा करून, आणि लगेच मायक्रोफायबरने पुसतो. तुम्हाला आश्चर्य वाटेल पण रोजच्या पुसण्यात दहापैकी नऊ वेळा मला दुसरं काही लागत नाही.

कारच्या पॉलिशबद्दल काकांचं अर्धं बरोबर आहे. कारचा वरचा थर आणि पॉली बरेच जवळचे, आणि चकचकीत बॉडीवरचे बारीक ओरखडे कंपाउंडने खरंच जातात. पण बाटलीवर सिलिकॉन आहे का बघा, सिलिकॉन लाकडाच्या फटीत किंवा चिरेत गेलं की पुढे कधी टचअप करायची वेळ आली तर नवीन रंग त्या जागी धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, रंगाचं काम करणारे वैतागतात. आणि तुमच्या नेकच्या मागे साटिन फिनिश आहे, तिथे कुठलंच पॉलिश लावायचं नाही. मॅट पृष्ठभाग घासला की चमकायला लागतो, मधेच चकाकणारे पट्टे दिसतात आणि ते परत मॅट करायला वाळूच्या कागदाचं काम निघतं. फर्निचरचे स्प्रे आणि काच पुसायचे स्प्रे पण लांबच ठेवा.

बर्फातला_कोकण्या:

टोरोंटोहून लिहितोय, मूळचा मालवणचा. तिकडे बुरशी आणि इकडे बरोबर उलटं. जानेवारीत हीटिंग चालू झालं की घरातली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, बोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात, हात वर-खाली नेला की खरचटतं. पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पाटी) पुसला की स्टॅटिक तयार होतं आणि अँपमधून चटचट आवाज येतो, आपल्याकडे हे कोणी बघितलेलं पण नसेल.

हे सांगायचं कारण असं की इकडचे लोक कोरड्या बोर्डला तेलावर तेल लावतात आणि समजतात ओलावा दिला. तेल म्हणजे पाणी नव्हे. लाकडातलं पाणी हवेच्या आर्द्रतेवर कमी-जास्त होतं, तेलाने ते फार तर हळू होतं. म्हणून दोन्हीकडे उपाय हवेचाच, इथे हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर आणि कोकणात ओलावा शोषणारं सिलिका जेल. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता असली की गिटार खुश असते. आर्द्रता मोजायचा छोटा हायग्रोमीटर मिळतो काही शे रुपयात, बॅगेत टाकून ठेवा म्हणजे अंदाज नाही, आकडा दिसतो. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलावा भरला की हिरवं होतं, मग १२० डिग्रीच्या आसपास ओव्हनमध्ये तापवलं की परत नारिंगी. चपलांच्या खोक्यातली एक पुडी टाकून कोकणातला पाऊस निघत नाही, भरपूर लागतं आणि ते सारखं वाळवावं लागतं. त्यापेक्षा मामांना सांगून गिटार बॅगेच्या बाहेर, भिंतीपासून जरा लांब, पंखा असलेल्या खोलीत ठेवलेली जास्त बरी. कोकणात ओल भिंतीतून येते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि पावसाळ्यात नेक हलते. साफ करून तारा लावल्यावर अ‍ॅक्शन म्हणजे तारांची बोर्डपासूनची उंची वाढलेली वाटली तर घाबरू नका, डोंबिवलीत आठवडाभर राहू द्या, मग बघा.

पावसाळी_स्ट्रॅट:

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं नीट कोणीच समजावलं नव्हतं. शनिवारी सकाळी बसून केलं सगळं. टूथब्रशवर जो काळा चिखल आला तो बघून आईसुद्धा येऊन बसली, आणि खालून लाकडाचे उभे रेषे दिसायला लागले जे मी गिटार घेतल्यापासून नीट पाहिलेच नव्हते. लिक्विड पॅराफिन मेडिकलवाल्याने आधी दुधाळच काढलं होतं, नाशिकच्या दादांचं वाचलं होतं म्हणून परत दिलं. बोर्ड आता गडद तपकिरी दिसतोय. बुरशी आली नाही अजून, बॅग उन्हात आहे.

दोन गोष्टी राहिल्या. ब्रिजचे गंजलेले स्क्रू फिरत नाहीयेत, अ‍ॅलन की लावली तर खाच झिजेल अशी भीती वाटते. आणि व्हॉल्यूमची नॉब फिरवली की खरखर आवाज येतो, हे पण दमटपणामुळेच का? गंज काढायचा तो नेहमीचा निळा-पिवळा स्प्रे दोन्हीकडे मारू का?

सहावी_तार:

मस्त काम केलंत. तो स्प्रे पॉटमध्ये (नॉबच्या खालचा फिरणारा भाग) नको, मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसून खरखर पुढे वाढते. स्क्रूला शिलाई मशीनचं तेल आणा. टाचणीच्या टोकाने प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर एक थेंब ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी अ‍ॅलन की पूर्ण खोल बसवून आधी थोडंसं घट्ट करायच्या दिशेने आणि मग सैल करायच्या दिशेने, असं पाव-पाव फिरवत सोडवा. की बसवण्याआधी खाचेतला गंज टाचणीने खरवडून काढा, की अर्धवट बसली तरच खाच झिजते. जास्तीचं तेल कापडाने टिपून घ्या, बॉडीवर ओघळू देऊ नका. दोन-तीन स्क्रू सुटलेच नाहीत तर जोर लावू नका, सेटअपवाल्याकडे न्या, सॅडल (ब्रिजवरचे तार टेकायचे तुकडे) आणि स्क्रूचा नवीन सेट पण मिळतो.

खरखर दमट हवेमुळे आणि धुळीमुळेच, पॉटच्या आतल्या पट्टीवर थर बसतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनर मिळतो, प्लॅस्टिकला चालणारा आहे असं डब्यावर लिहिलेलाच घ्या. केबल काढा, तारा सैल करा, पिकगार्डचे स्क्रू काढून तो वायरी न ताणता उलटा करा आणि बॉडीवर खाली कापड पसरून त्यावर ठेवा. पॉटच्या तीन पायांच्या वर एक छोटी फट दिसेल, स्प्रेची नळी तिथे टेकवून एकच छोटा फवारा, आणि लगेच नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. दोन्ही टोन नॉबना आणि पिकअप बदलायच्या पाच जागांच्या स्विचलाही हाताबरोबर करून टाका, परत उघडायला नको. अर्धा तास वाळू द्या, मग पिकगार्ड बसवा. स्क्रू हाताने घट्ट झाले की थांबायचं, ड्रिल मशीन लावू नका, लाकडातली भोकं लगेच सैल होतात.

पावसाळी_स्ट्रॅट:

ओके दादा, उद्या शिलाई मशीनचं तेल आणते, आजीच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये बाटली असेलच. तारा ०९ जाडीच्या लावू की १०? आत्ता कुठल्या होत्या ते माहीत नाही.

सहावी_तार:

स्क्वायर कारखान्यातून बहुतेक ०९ लावून येते, तुम्ही बदलल्या नसतील तर त्याच लावा. १० लावल्या तर ताण वाढतो, मागच्या स्प्रिंगा आणि ट्रस रॉड (नेकचा वाक जुळवायची आतली सळई) दोन्हीला हात लावावा लागेल, नेक अजून ओलावा सोडतेय तेव्हा आत्ता ते नको. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारांच्या वरून आणि खालून पुसत जा, कापड तारांखाली सरकवून नटपासून ब्रिजपर्यंत एकदा ओढायचं, म्हणजे तो हिरवटपणा इतक्या लवकर येणार नाही.